चिलटाचे पंख आणि बाळाचा ओठ

 आज आम्ही तुमच्याशी चिलटांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली की त्यांच्यावर जी बारीक, तांबूस डोळ्यांची माशी घिरट्या घालते, तीच ही. आपण पदरानं हाकलतो, टोपलीवर कापड टाकतो आणि विसरून जातो. पण या चिलटानं आमच्या गटातल्या एका घरातला मोठा कलह मिटवायला मदत केली. ते कसं, हे सांगायला आम्ही आज आलो आहोत.

आधी एक गोंधळ दूर करू. आंब्याला, पेरूला, दोडक्या-कारल्याला डंख मारते आणि जिच्यासाठी आपण शेतात सापळे लावतो ती फळमाशी वेगळी. ती मोठी असते आणि चांगल्या फळात अंडी घालते. आपली चिलटं नासायला लागलेल्या, आंबलेल्या फळावर येतात. लांबीला जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याएवढी. शास्त्रात त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरच्या प्रयोगशाळांत ही माशी बाटल्यांत पाळली जाते.

आता आमच्या घरातली गोष्ट. गटातल्या एका ताईंची सून बाळंत झाली. मुलगी झाली, वजन चांगलं, रडली चांगली, पण वरचा ओठ एका बाजूला नाकापर्यंत दुभंगलेला. दवाखान्यातून घरी येईपर्यंत गावात निकाल लागून गेला होता. ग्रहणाच्या दिवशी सुनेनं विळीवर भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ फाटला. सुनेनंही ते मान्य केलं होतं. ती म्हणायची, हो, मी मेथी निवडली आणि कांदा चिरला, माझ्याच हातानं झालं. ती कुणाला तोंड दाखवेना. बाळाला पदराखालून बाहेर काढेना. बाळाला नीट ओढता येत नव्हतं, त्यामुळे दूध पोटात जात नव्हतं, आणि ते सांगायचीही तिला लाज वाटत होती. ही हकिगत आम्ही त्या घरच्या परवानगीनं सांगतो आहोत. नाव-गाव सांगणार नाही.

आम्हा बायकांना वाटत होतं की हे खरं नसावं. पण 'खरं नाही' एवढं म्हणून भागत नाही. सासूबाईंनी सरळ विचारलं, "मग कशानं झालं ते सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही कुणी शास्त्र शिकलेल्या नाही. जिचं जास्तीत जास्त शिक्षण झालंय तिनं बी.ए. केलंय, तेही इतिहासात. म्हणून आम्ही तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना गटाच्या बैठकीला बोलावलं. त्या एकदा आल्या, मग दोनदा, मग तिसऱ्यांदा. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा लावलेली काचेची बाटली काढून सतरंजीवर ठेवली. आत मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट घालून शिजवलेला शिऱ्यासारखा गोळा, आणि त्यावर चिलटं. आम्ही म्हटलं, मॅडम, आम्ही बाळाबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मी बाळाबद्दलच सांगते आहे.

तेव्हा ऐका.

चिलटाचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. ऊबदार खोलीत एका दिवसात त्यातून अळी निघते. चार दिवस ती खाते आणि वाढते, मग कोष करते, आणि अंडं घातल्यापासून साधारण दहाव्या दिवशी कोषातून पंख असलेली माशी बाहेर पडते. आपल्याकडे एक पिढी वाढायला वीस-पंचवीस वर्षं जातात, इथे दहा दिवसांत काम होतं. शिवाय एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. म्हणून अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी ती दुधाच्या बाटल्यांत पाळली. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याची पिल्लावळ मोजत मोजत त्यांनी दाखवलं की जनुकं पेशीतल्या गुणसूत्रांवर बसलेली असतात. त्याबद्दल १९३३ साली त्यांना नोबेल मिळालं.

जनुक म्हणजे काय? मॅडमनी सांगितलं ते आम्हाला असं समजलं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पाककृतींची वही आहे. एक जनुक म्हणजे एक पाककृती. चिलटाच्या वहीत साधारण १४ हजार पाककृती आहेत. सगळ्या पेशींना वही तीच. डोळ्याच्या पेशीला तीच, पायाच्या पेशीला तीच. मग एक पेशी डोळा होते आणि दुसरी पाय, असं का? कारण प्रत्येक पेशी वहीतली वेगवेगळी पानं उघडते. कुणी कोणतं पान उघडायचं हे ठरतं शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या निरोपांवर. वाढायचं की थांबायचं, पंख व्हायचं की पाठ व्हायचं, हे निरोप काही प्रथिनं घेऊन जातात. त्यांना वाढ-घटक म्हणतात. आजची सगळी गोष्ट या निरोपांची आहे.

त्यातला एक निरोप आपल्या देशात सापडला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत. आपण तिला 'पुसा' म्हणून ओळखतो. 'पुसा सावनी' भेंडीचं बी ऐकलं असेल, ते तिथलंच. त्या संस्थेत आर. पी. शर्मा यांना चिलटांच्या बाटलीत बिनपंखी माश्या दिसल्या. १९७३ साली त्यांनी त्याची छोटीशी नोंद छापली आणि त्या बिघाडाला नाव दिलं 'विंगलेस', म्हणजे पंखाविना. पुढे १९७६ साली त्यांनी व्ही. एल. चोप्रा यांच्यासोबत त्याचा अभ्यास सविस्तर मांडला. या माश्यांत जिथे पंख यायचा तिथे पाठीचाच आणखी एक तुकडा तयार होत होता. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या. त्यांना 'तुम्ही पंख व्हा' हा निरोप नीट पोचला नव्हता, म्हणून त्या पाठ झाल्या.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आपण शेवटी तिच्याकडे परत येणार आहोत. त्या बाटलीतल्या माश्यांत बिघाड एकच होता. खाणं तेच, बाटली तीच. तरी काहींना दोन्ही पंख नव्हते, काहींना एकच पंख होता, आणि काहींचे दोन्ही पंख शाबूत होते. एकाच माशीची डावी बाजू नीट आणि उजवी बाजू बिनपंखाची. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मग त्या माशीनं उजव्या बाजूला काय पाप केलं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

पुढची पायरी जर्मनीत झाली. हायडेलबर्ग शहरातल्या प्रयोगशाळेत ख्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड या बाई आणि त्यांचे सहकारी एरिक वीशाउस यांनी ठरवलं की चिलटाचं शरीर घडवणारी जनुकं शोधून काढायची. त्यांनी माश्यांमध्ये मुद्दाम बिघाड घडवले आणि हजारो बाटल्यांतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. चिलटाच्या अळीच्या पोटावर बारीक दातऱ्यांचे पट्टे असतात, त्यांच्या जोरावर ती सरपटते. दोन पट्ट्यांच्या मधली कातडी गुळगुळीत असते. एक पट्टा खरखरीत, एक पट्टा गुळगुळीत, लुगड्याच्या काठासारखं. विंगलेस जनुक पूर्ण बिघडलं तर गुळगुळीत पट्टे जातात आणि सगळं पोट दातऱ्यांनी भरून जातं. असली अळी अंड्यातच मरते. म्हणजे विंगलेसचा निरोप फक्त पंखांपुरता नव्हता, अंड्यात असताना तोच निरोप 'इथे गुळगुळीत राहा' असं सांगत होता. १९८० साली त्या दोघांनी अशा १५ जनुकांची यादी छापली आणि १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. या बाईंनी २००४ साली एक निधी उभा केला आहे. लेकरंबाळं असलेल्या तरुण संशोधक बायकांना घरकामाला आणि मुलं सांभाळायला मदतनीस ठेवता यावी म्हणून त्यातून पैसे मिळतात. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. नोबेल मिळालेल्या बाईलाही ठाऊक आहे की बाईचं काम चुलीपाशी अडतं.

आता हा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो ते बघू. हे जरा अवघड आहे, पण आमच्या गटानं त्याला पाण्याच्या टाकीचं रूप दिलं आणि मग सगळ्यांना समजलं.

असं समजा की प्रत्येक पेशीत एक टाकी आहे. वरून नळ सतत चालू. पण तळाची मोरीही सतत उघडी. त्यामुळे पाणी येतं तसं वाहून जातं आणि टाकी कधी भरत नाही. हे पाणी म्हणजे पेशीतलं आर्माडिलो नावाचं प्रथिन. पेशी ते बनवत असते आणि दुसरीकडे मोडतही असते. मोडण्यासाठी तीन-चार प्रथिनांची एक टोळी आत बसलेली असते, ती म्हणजे आपली मोरी. आता शेजारच्या पेशीनं विंगलेसचा निरोप सोडला. तो या पेशीच्या दारावरच्या कडीला लागला. कडी वाजली की आत मोरीला बोळा बसतो. पाणी साचायला लागतं. ठरावीक पातळीला पोचलं की आर्माडिलो वहीपाशी जातं आणि 'पंख व्हा' किंवा 'वाढा' अशी पानं उघडली जातात. निरोप थांबला की बोळा निघतो, पाणी वाहून जातं, पानं मिटतात.

आम्ही विचारलं, एवढा खटाटोप कशाला? बनवायचं आणि मोडायचं, हा तर नुसता नास आहे. मॅडम म्हणाल्या, घाईच्या वेळी नवं प्रथिन बनवत बसायला वेळ नसतो. नळ चालूच असला की बोळा लावल्याबरोबर काम सुरू होतं. दारात पाहुणा आल्यावर चूल पेटवण्यापेक्षा निखारा राखेत जपून ठेवलेला बरा, तसं.

आणि वाढीला लगामही आहे. विंगलेसचा निरोप मिळाला की पेशी जी पानं उघडते, त्यात काही पानं तो निरोप आवरणाऱ्या प्रथिनांचीही असतात. त्यातलं नोटम नावाचं प्रथिन बाहेर जाऊन निरोपाचा एक तुकडाच तोडतं, मग तो निरोप कडीला लागत नाही. म्हणजे निरोप जितका जोराचा, तितका लगामही जोराचा. कुकरमध्ये वाफ वाढली की शिट्टी आपोआप उचलली जाते, तशी ही सोय आहे.

शिट्टी अडकली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पेशीतही तसंच होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस हे दोघे उंदराच्या स्तनातल्या गाठींचा अभ्यास करत होते. एका विषाणूमुळे त्या गाठी होतात. विषाणू उंदराच्या एका जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि ते जनुक नको तेव्हा चालू करून ठेवतो, हे त्यांनी १९८२ साली दाखवलं. ते जनुक कोणतं? १९८७ साली उलगडा झाला. उंदराच्या गाठीतलं ते जनुक आणि चिलटाच्या पंखांचं विंगलेस जनुक एकाच घराण्यातली निघाली. विंगलेस आणि उंदराच्या जनुकाचं नाव जोडून त्या घराण्याला 'विंट' असं नाव पडलं. हे घराणं तुमच्या-आमच्या शरीरातही आहे. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बहुतेक वेळा पेशीतली ती मोरीच मोडलेली असते. कुणी कडी वाजवत नाही, तरी टाकी भरून वाहते आणि पेशी वाढतच राहतात. दिल्लीतल्या बाटलीतल्या बिनपंखी माशीपासून सुरू झालेली वाट अशी कर्करोगाच्या दवाखान्यापर्यंत पोचली. माणसाच्या रोगांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी साधारण तीन-चतुर्थांश जनुकांचा जोडीदार चिलटात सापडतो.

दुसऱ्या एका निरोपाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मापाचं महत्त्व शिकवतो. त्याचं लांबलचक नाव आहे, आपण डीपीपी म्हणू. त्या नावात ग्रीक भाषेतला पंधरा हा आकडा आहे. अळीच्या अंगात पंख, पाय, डोळे यांच्या आधीच तयार झालेल्या चिमुकल्या पिशव्या असतात, आणि या जनुकात बिघाड झाला तर अशा १५ पिशव्यांवर परिणाम होतो. पंखाची एक पिशवी सुरुवातीला ३० ते ५० पेशींची असते. चार दिवसांत ती ५० हजारांच्या आसपास जाते. एवढ्या पेशींतल्या प्रत्येकीला आपण कुठे आहोत हे कसं कळतं? डीपीपी पिशवीच्या मधल्या एका पट्ट्यात बनतं आणि दोन्हीकडे पसरत जातं. जवळच्या पेशींना जास्त मिळतं, लांबच्यांना कमी. शेकोटीभोवती डोळे मिटून बसलात तरी ऊब किती लागते त्यावरून तुम्ही किती लांब आहात ते सांगाल. पेशी तसंच करतात. जास्त ऊब लागली तर एक पान, कमी लागली तर दुसरं.

अंड्यातही हेच डीपीपी पाठ कुठे आणि पोट कुठे ते ठरवायला मदत करतं. तिथे सॉग नावाचं दुसरं प्रथिन डीपीपीचा हात धरून त्याला कामच करू देत नाही, आणि टोलॉइड नावाचं तिसरं प्रथिन तो हात सोडवतं. या धरण्या-सोडवण्यातून डीपीपी नेमकं पाठीच्या मधोमध गोळा होतं. इथे माप इतकं काटेकोर लागतं की थोडंही कमी चालत नाही. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बहुतेक जनुकांचं एका प्रतीवर भागतं. डीपीपीचं भागत नाही. एकच प्रत चालू असेल तर चिलटाचा गर्भ बहुधा अंड्यातच मरतो.

आणि हे माशीपुरतं आहे असं समजू नका. डीपीपीचे भाऊबंद माणसात हाडं घडवायचं काम करतात. १९९३ साली शास्त्रज्ञांनी चिलटाचं हे प्रथिन उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या कातडीखाली ठेवलं. तिथे हाड तयार झालं. चिलटाच्या अंगात एकही हाड नसतं बरं का. त्याच वर्षी उलटंही करून पाहिलं. डीपीपी नसलेल्या चिलटाच्या गर्भाला माणसाचं जनुक दिलं, आणि पाठ-पोटाचा हिशोब जुळला. म्हणजे माशी आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर पडलं, तरी निरोपाची भाषा दोघांनी जपून ठेवली.

आता बाळाच्या ओठाकडे येऊ.

पोटातल्या बाळाचा चेहरा एका साच्यातून निघत नाही. डावीकडून, उजवीकडून आणि मधून असे उंचवटे वाढत येतात आणि एकमेकांना सांधले जातात. तुमच्या नाकाखाली बोट ठेवा. ओठावर मधे जी पन्हळ लागते तिच्या दोन्ही कडांशी हे सांधे जुळलेले आहेत. ते वाढून वेळेवर भेटावेत म्हणून हेच निरोप लागतात. विंटच्या घराण्यातले, डीपीपीच्या भाऊबंदांतले आणि आणखी कितीतरी. एखादा निरोप कमी पडला, उशिरा पोचला, तर दोन कडा भेटायच्या राहून जातात. ओठ 'फाटत' नाही मैत्रिणींनो. तो आधी जुळलेला असून मग कुणी चिरलेला नसतो. तो सांधायचा राहिलेला असतो.

आणि हा सांधा कधी जुळतो? ओठ साधारण दुसऱ्या महिन्यात, आणि टाळू तिसरा महिना संपेपर्यंत. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बोटाच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. ग्रहण झालं तेव्हा सुनेला सहावा महिना होता. त्यांनी पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ग्रहणाच्या आधीच ते तसं होतं?" मॅडम म्हणाल्या, चार महिने आधी. त्या दिवशी तिनं कांदा चिरला काय आणि अंधाऱ्या खोलीत निजून राहिली काय, ओठात काही फरक पडणार नव्हता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "पोर उगाच रडत होती." तेवढंच. पण सून ते ऐकायला बैठकीत होती, हे महत्त्वाचं.

ग्रहण नाही, तर मग काय? इथे आम्ही खरं तेच सांगणार. बहुतेक बाळांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही. थोडा वाटा जनुकांचा असतो, आणि तो आईकडूनही येतो, बापाकडूनही येतो. थोडा वाटा बाहेरच्या गोष्टींचा असतो. गर्भारपणात सिगारेट-बिडी ओढली तर दुभंगलेल्या ओठाचा धोका वाढतो. मिश्री आणि तंबाखूनं बाळ कमी वजनाचं होण्याचा आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका असतो. दिवस राहण्याआधीपासून असलेला आणि आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्सची काही औषधं यांचाही संबंध आहे. फिट्सची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्यानं जिवाला धोका होतो. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची. आणि फॉलिक ॲसिडची गोळी. बाळाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे आपली पाळी चुकलीय हे ध्यानात येईपर्यंतच. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच आशाताईंना ही गोळी विचारा.

आणि राहिलेला वाटा नुसत्या योगायोगाचा. ती बाटली आठवा. बिघाड तोच, खाणं तेच, तरी एक माशी बिनपंखाची आणि शेजारची दोन्ही पंखांची. अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्या मुलांतही एकाचा ओठ दुभंगलेला आणि दुसऱ्याचा नीट असं घडतं. सगळी काळजी घेतलेल्या आईच्या पोटीही असं बाळ येतं. म्हणून काळजी घ्यायची ती पुढच्या बाळासाठी. झालेल्या बाळासाठी आईच्या पदरात दोष बांधायचा नाही. ग्रहण काढलं आणि त्या जागी मिश्री ठेवून पुन्हा तिलाच झोडपलं, तर आपण काहीच शिकलो नाही.

आता कामाचं, लिहून ठेवण्यासारखं. जगभरात साधारण ७०० ते १००० बाळांमागे एकाला हा दोष असतो, म्हणजे आपल्या पंचक्रोशीत कुठेतरी असं बाळ असणारच. पहिली गोष्ट दूध. अशा बाळाला आडवं पाजू नका, जरा उभं धरून पाजा. टाळूही दुभंगलेला असेल तर बाळाला ओढता येत नाही, तेव्हा आईचंच दूध काढून वाटी-चमच्यानं, थोडं थोडं पाजा, आणि मधे मधे ढेकर काढा. वजन दर आठवड्याला करा. दुसरी गोष्ट ऑपरेशन. ओठाचं साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात, टाळूचं वर्षाच्या आसपास, दीड वर्षाच्या आत. त्यासाठी बाळाचं वजन आणि रक्त चांगलं लागतं, म्हणून दुधाचं आधी सांगितलं. तिसरी गोष्ट खर्च. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात मुलांचे वेगवेगळ्या प्रकारचे दोष आणि आजार तपासले जातात, दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यात आहे, आणि उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला विचारा, नाहीतर जिल्हा रुग्णालयात जा. ऑपरेशननंतर बोलणं, ऐकणं आणि दात यांचीही तपासणी चालू ठेवायची असते.

आमच्या त्या बाळाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं. आजी बरोबर गेली होती आणि तीन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपली. आता ओठावर एक बारीक रेघ आहे. परवाच्या बैठकीत ती मुलगी सतरंजीवर बसून आमच्या हिशोबाच्या वहीची पानं ओढत होती, आणि तिची आई सगळ्यांच्या मधे बसून तिला दटावत होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात ही चर्चा जरूर घ्या. एखादी पिकलेली केळ दोन दिवस बरणीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधायच्या आधी चिलटं आत येऊ द्या, आणि रोज बघा. अळ्या दिसतील, कोष दिसतील, आणि साधारण दहाव्या दिवसापासून नव्या माश्या. मुलांनाही दाखवा. आणि तुमच्या गावात एखादी आई असं बाळ पदराखाली झाकून घरात बसली असेल, तर आधी तिच्याकडे जा. बाळाला मांडीवर घ्या, दूध जातंय का विचारा. ग्रहणाचा विषय कुणी काढला तर त्यांना महिने मोजायला सांगा.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे केंद्रावर चिठ्ठीनं पाठवा. मॅडमनी उत्तरं द्यायचं कबूल केलं आहे. नमस्कार.